मैत्रिणीने बिंगोची लिंक पाठवली आहे: खेळावं का, आणि खेळायचं तर कसं?

तुमचा प्रश्न मी असा वाचला. तुम्ही आठ जुन्या मैत्रिणी आता आठ ठिकाणी पांगला आहात आणि दर शनिवारी रात्री व्हिडिओ कॉलवर भेटता. त्यातल्या एकीने ग्रुपवर ऑनलाइन बिंगोच्या ॲपची लिंक टाकली आहे. ‘माझ्या लिंकवरून आलात तर सगळ्यांनाच बोनस’ असं ती म्हणतेय, आणि दोघी-तिघींनी खातं उघडलंसुद्धा. तुम्हाला खेळायची इच्छा आहे. पण पैसे, फोनमधली माहिती आणि मैत्रीत येऊ शकणारा कडवटपणा, या तिन्हींची धास्ती वाटते. ‘नको’ म्हटलं तर आपणच रसभंग केल्यासारखं होईल, ही वेगळी अडचण.

मी सहा वर्षं एका ऑनलाइन बिंगो कंपनीत होते. पहिली दोन वर्षं चॅट होस्ट, म्हणजे डाव चालू असताना ॲपवरच्या खोलीतल्या, एकत्र खेळणाऱ्यांच्या गप्पा सांभाळणारी. पुढची चार वर्षं खेळाडूंच्या तक्रारी माझ्याकडे यायच्या. ती नोकरी सोडली, पण बिंगो सुटला नाही. आता माझ्या मैत्रिणींचा आणि नात्यातल्या मंडळींचा बिनपैशांचा बिंगो मी कॉलवर चालवते. दोन्ही बाजूंनी खेळ पाहिला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ॲप सुरक्षित आहे का, असं तुम्ही विचारलंय. ते तपासता येतं, कसं ते खाली सांगते. पण त्याच्या आधीची एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हीच लिंक अनोळखी नंबरवरून आली असती तर तुम्ही उघडलीही नसती. मैत्रिणीने पाठवली म्हणून ती आपलीशी वाटली. तिच्यावरचा इतक्या वर्षांचा विश्वास परस्पर त्या ॲपला मिळाला, आणि ॲपने त्यासाठी काहीच केलेलं नाही. तिने तरी ते कुठे तपासलंय? तिलाही कुणीतरी अशीच लिंक पाठवली असणार. आठ जणी असल्या की प्रत्येकीला वाटतं, बाकीच्या सातांपैकी कुणीतरी बघितलंच असेल. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत ‘मैत्रीण खेळत होती म्हणून मी आले’ हे वाक्य इतक्या वेळा असायचं की पुढे पुढे मी ते शोधायलाच लागले.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. पैसे लावणार की नुसती गंमत, यावर जवळजवळ सगळंच ठरतं. पैसे लावायचे असतील तर तुम्ही कोणत्या देशात आहात हे आधी येतं, आणि आठ जणी वेगवेगळ्या देशांत असाल तर उत्तरंही वेगवेगळी येतील. ब्रिटनमध्ये परवाना असलेल्या कंपनीकडे पैसे लावून ऑनलाइन बिंगो खेळता येतो. तिथे २००५ च्या कायद्याने स्थापन झालेला जुगार आयोग हा परवाना देतो, वयाची अट १८ आहे आणि १४ एप्रिल २०२० पासून जुगारासाठी क्रेडिट कार्ड चालत नाही. भारतात मात्र २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरच बंदी आणली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. अशा खेळांच्या जाहिराती आणि त्यांचे पैशांचे व्यवहारही त्यात आले. म्हणजे जी लिंक एकीसाठी कायदेशीर आहे, तीच दुसरीला बेकायदा सेवेच्या दारात नेऊन सोडू शकते. आणि बेकायदा सेवेत पैसे अडकले तर ते परत मिळणं फार अवघड होतं.

आणखी एक बाब आहे, जी ग्रुपवर कुणी बोलून दाखवत नाही. आठ जणींची पैशांची परिस्थिती सारखी नसते. एकीला जी रक्कम किरकोळ, ती दुसरीच्या महिन्याच्या हिशेबात दिसते. एखादी आधीच कर्जात असेल, एखादीच्या घरी जुगारामुळे काही घडून गेलं असेल. ती हे सांगणार नाही. ती गप्प बसेल किंवा सगळ्यांबरोबर पैसे भरेल. म्हणून ‘चालेल ना सगळ्यांना?’ असं ग्रुपवर विचारून आलेला होकार मी खरा धरत नाही.

खेळ मुळात काय आहे हे एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे निर्णय सोपे होतील. दोन प्रकार जास्त चालतात. ७५ आकड्यांच्या प्रकारात पाच बाय पाचचं कार्ड असतं, मधलं घर मोकळं. पहिल्या उभ्या रांगेत १ ते १५, दुसरीत १६ ते ३०, असं करत शेवटच्या रांगेत ६१ ते ७५. ९० आकड्यांचा प्रकार म्हणजे ज्याला बरेच जण हाउजी किंवा तंबोला म्हणतात तो: तीन आडव्या ओळी, नऊ रांगा, प्रत्येक ओळीत पाच आकडे, असे एकूण पंधरा. दोन्हींत तुमच्या हातात फक्त पुकारलेला आकडा आपल्या तिकिटावर खोडणं आहे. ऑनलाइन तर तेही यंत्रच करतं. कौशल्य शून्य, आणि ‘मला आता खेळ कळायला लागलाय’ असं वाटायला लागलं तर तिथेच सावध व्हा.

पैशांच्या डावाचं गणित असं. समजा एका डावात १० ची १०० तिकिटं खपली, १,००० जमले. कंपनीने २०० ठेवले आणि ८०० बक्षिसांत वाटले. तुम्ही एक तिकीट घेतलंत तर सरासरीने १० देऊन ८ परत येतात. दहा घेतलीत तर १०० देऊन ८०. जिंकण्याची शक्यता दहापट झाली हे खरं, पण खर्चही दहापट झाला; तोट्याचं प्रमाण तिथल्या तिथेच राहिलं. एक डाव काही मिनिटांत संपतो. रात्रभरात ३० डाव झाले आणि दर डावाला २० लावले, तर ६०० फिरले आणि सरासरीने १२० गेले. प्रत्यक्षात कुणी एकदम बरंच जिंकेल आणि बाकीच्या जास्त हरतील. कंपनीचा वाटा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, पण तो असतोच. मैत्रिणींसाठी वेगळी खाजगी खोली उघडून मिळाली, तरीही असतो.

‘फक्त एक आकडा राहिला होता!’ ही हळहळ तर प्रत्येक डावात ऐकू येते. खोलीत २०० तिकिटं असतील आणि त्यातलं एक पूर्ण झालं, तर त्या क्षणी आणखी बरीच तिकिटं एका आकड्यावर थांबलेली असणारच. त्यावरून पुढच्या डावाबद्दल काहीही कळत नाही. पण मन तसं मानत नाही, आणि पुढचं तिकीट निघतं.

बोनसचंही तसंच आहे. समजा ५० चा बोनस मिळाला आणि अट ४० पटीची आहे. म्हणजे तो बोनस खात्यातून बाहेर काढण्याआधी २,००० चा खेळ करावा लागेल. वरच्याच प्रमाणाने २,००० वर सरासरी तोटा ४०० होतो. ५० मोकळे करायला ४०० घालवायचे. नियमांच्या पानावर ही अट लिहिलेली असते; ‘किती पट’ आणि ‘किती दिवसांत’ हे दोनच शब्दप्रयोग शोधून वाचले तरी पुरे. आणि हेही लक्षात घ्या की लिंक पाठवणारीला तुमच्या येण्याचा काहीतरी मोबदला मिळत असेल. त्यात तिचा वाईट हेतू आहे असं मी म्हणत नाही. पण हे उघड बोललं गेलं पाहिजे, कारण ती शिफारस आणि नुसता सल्ला यांत फरक आहे.

मैत्रिणींच्या सोबतीचा पैशांवर काय परिणाम होतो, हे मला एका तक्रारीने शिकवलं. एका बाईंनी लिहिलं होतं की खेळात लबाडी आहे, तपास करा. मी त्या रात्रीचे सगळे डाव तपासले. आकड्यांत काही गडबड नव्हती. मग त्यांच्या खात्यात पैसे भरल्याच्या वेळा समोर आल्या. ९:०५. ९:५०. १०:२०. १०:३४. १०:४१. १०:४४. आधी पाऊण तासाचं अंतर, शेवटी तीन मिनिटांचं. त्याच वेळचं चॅट शेजारी उघडलं. पाच मैत्रिणी होत्या. सव्वादहाला एकीला बक्षीस लागलं आणि खाली लगेच ओळ आली, ‘तिला लागलं, आता आपली पाळी.’ त्यानंतर ‘अजून एकच, मग झोपू’ हे चार वेळा, दर वेळी वेगळ्या बाईचं. प्रत्येक जण दुसरीला सोबत देत होती. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, आणि ‘आता पुरे’ म्हणणं हे कुणा एकीचं काम नव्हतं. ती वेळांची यादी मी बराच वेळ बघत बसले होते. तक्रारीला उत्तर काय द्यायचं ते नियमात बसत होतं, पण त्या बाईंना खरं जे सांगायला हवं होतं ते सांगायला आमच्या उत्तरात जागा नव्हती.

त्यामुळे माझं मत सरळ आहे: आठ मैत्रिणींनी एकत्र खेळायचं तर पैसे न लावता खेळा, तेही त्या ॲपवर न जाता आपल्याच कॉलवर. ते कसं, ते पुढे लिहिते. आधी ॲप तपासण्याबद्दल, कारण तुमच्यातल्या काही जणी तिथे पोहोचल्याच आहेत.

लिंक खरंच मैत्रिणीनेच पाठवली का, हे तिला फोन करून विचारा. तिचं खातं कुणाच्या ताब्यात गेलं असेल तर ग्रुपवर विचारलेल्या प्रश्नाला तो चोरच ‘हो गं, मीच’ असं उत्तर देईल. आवाज ऐकल्याशिवाय खात्री धरू नका. मग लिंकचा पत्ता वाचा, तोही उलट्या बाजूने. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे या. शेवटच्या ठिपक्याच्या लगेच डावीकडचं नाव हा खरा मालक, काही देशांच्या पत्त्यांत त्याच्याही डावीकडचं. त्या मालकाच्या नावाच्या आणखी डावीकडे कितीही ओळखीचं नाव घातलेलं असलं तरी त्याला अर्थ नाही; तिथे कुणीही काहीही लिहू शकतं.

परवान्याचं चिन्ह पानाच्या तळाशी असतं. त्यावर बोट ठेवून जे पान उघडतं त्यावर विसंबू नका, ते चित्र कुणालाही चिकटवता येतं. परवाना क्रमांक लिहून घ्या, परवाना देणाऱ्या संस्थेचं संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडा आणि तिथल्या नोंदीत तो क्रमांक शोधा. नोंदीत कंपनीचं नाव आणि संकेतस्थळाचा पत्ता, दोन्ही जुळले पाहिजेत. नुसतं नाव जुळलं आणि पत्ता वेगळा निघाला, तर दुसऱ्याच कंपनीचा क्रमांक उचललेला असू शकतो.

मेसेजमधून आलेली एपीके फाइल, म्हणजे स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल, फोनमध्ये घ्यायची नाही, मग ती पाठवणारी सख्खी बहीण का असेना. ॲप अधिकृत स्टोअरवरचं असलं तरी ते कशाकशाची परवानगी मागतंय ते बघा. बिंगोला तुमचे एसएमएस, संपर्कयादी, कॉलची नोंद यातलं काहीही लागत नाही. सर्वांत घातक म्हणजे ॲक्सेसिबिलिटीची परवानगी. ती दिली की ॲप स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. ज्यांना दिसत नाही किंवा हात नीट चालत नाहीत अशा लोकांसाठी ती सोय आहे. आकडे खोडण्यासाठी नाही.

ओळखपत्र मागितलं म्हणून लगेच फसवणूक समजू नका. परवाना असलेल्या कंपन्यांना वय आणि ओळख तपासावीच लागते. म्हणूनच क्रम महत्त्वाचा: आधी परवाना पक्का, मग कागद. तेही खात्यात लॉगिन करून तिथल्या जागेतच द्यायचे, चॅटवर किंवा मेसेजवर कधीच नाही. आणि ‘तुम्ही जिंकलात, रक्कम काढण्यासाठी आधी शुल्क भरा’ असा निरोप आला की बोलणं थांबवा. खरी कंपनी जे कापायचं ते जिंकलेल्या रकमेतून कापते. हे शुल्क भरणाऱ्यांकडे दोन दिवसांनी दुसरं शुल्क मागितलं जातं, मग तिसरं. ओटीपी सांगू नका, मदतीच्या नावाखाली कुणाला स्क्रीन दाखवू नका.

एक गोष्ट होस्ट म्हणून सांगायलाच हवी. ज्या गप्पा तुम्ही खाजगी समजता, त्या आम्ही वाचायचो. ते आमचं कामच होतं, कारण शिवीगाळ, पैसे उसने मागणं, लहान मुलांचा वावर यावर लक्ष ठेवायचं असतं. आणि लोक किती सहज बोलून जातात! कुणी म्हणायचं, आज माझा चाळिसावा वाढदिवस, जन्मतारीख जाहीर. कुणी पाळीव कुत्र्याचं नाव, कुणी पहिल्या शाळेचं. ‘आम्ही पंधरा दिवस बाहेर जातोय’ हेही. पासवर्ड विसरल्यावर जे प्रश्न विचारले जातात त्यांची उत्तरं चॅटमध्ये सांडलेली असायची, आणि खोलीत अनोळखी माणसंही असायची. टोपणनाव असं घ्या ज्यात जन्मसाल नाही. जिथे खेळता तिथला पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका.

आता आपल्या आपण खेळायच्या बिंगोबद्दल. याबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण इथे धोका जवळजवळ संपतो आणि मजा वाढते.

तिकिटं कागदावर स्वतः आखा. ७५ चा प्रकार हाताने आखायला सोपा आहे, प्रत्येक उभ्या रांगेत तिच्या टप्प्यातले कुठलेही पाच आकडे, मधल्या रांगेत चार. पहिला आकडा निघायच्या आधी प्रत्येकीने आपल्या तिकिटाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. हा एकच नियम अर्ध्या भांडणांना मुळातच उगवू देत नाही, कारण नंतर तिकीट बदललं असा संशय घ्यायला जागा नसते. ज्यांना ९० चाच खेळ हवा त्यांनी एकीला तिकिटं तयार करायला सांगा आणि तिने प्रत्येकीचं तिकीट ग्रुपवर उघड पाठवावं, खाजगीत नको.

आकडे मोबाइलवरच्या यंत्राने काढता येतात, पण मी चिठ्ठ्या वापरते. पिशवी कॅमेऱ्यासमोर, हाताची बाही वर दुमडलेली, चिठ्ठी काढली की कॅमेऱ्याजवळ धरायची. ६ आणि ९ च्या खाली रेघ मारून ठेवा, नाहीतर उलटी चिठ्ठी डाव मोडते. पुकारणारीने त्या डावात खेळू नये. दर डावाला पुकारणारी बदला म्हणजे सगळ्यांना खेळायला मिळतं.

पुकारताना आवाज तुटतो, आणि आपल्या भाषेतले आकडे तुटक्या आवाजात फार फसवतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट, पंचवीस आणि पंचेचाळीस. आमच्याकडे एकदा एकीने एकोणसत्तर ऐकून ‘माझं तिकीट पूर्ण भरलं’ म्हणत पूर्ण घर मागितलं आणि निघाला होता एकोणसाठ. ती इतकी खजील झाली की पुढच्या डावाला बसेना. तेव्हापासून मी आधी अंक सुटे सांगते, मग आकडा: ‘पाच, नऊ, एकोणसाठ’, आणि लगेच चॅटमध्ये टाइप करते. ती चॅटची यादीच नंतर पडताळणीला उपयोगी पडते.

दुसरं भांडण आवाज आणि चित्राच्या उशिराचं. कॉलवर माझा आवाज एकीला लगेच पोहोचतो, दुसरीला एक-दोन सेकंदांनी. एका रात्री दोघींनी एकाच आकड्यावर घर मागितलं. माझ्या स्क्रीनवर एकीचं आधी दिसलं, तिसरीच्या स्क्रीनवर दुसरीचं. दोघीही खरं बोलत होत्या. मी आधी ऐकलेलीला बक्षीस दिलं, आणि दुसरी पुढचे दोन शनिवार आली नाही. चूक माझी होती, नियम आधी ठरवायला हवा होता. आता आमचा नियम असा: पुढची चिठ्ठी निघेपर्यंत ज्यांनी ज्यांनी मागितलं त्या सगळ्या विजेत्या, आणि दोन चिठ्ठ्यांमध्ये मी मनात सावकाश पाच मोजते. चुकीची मागणी झाली, म्हणजे बोगी, तर ते तिकीट बाद करायचं की एक संधी द्यायची, तेही पहिल्या चिठ्ठीआधी सांगून टाका.

कुणी आकड्यांवर संशय घेतला तर थोडं गणित हाताशी असू द्या. ९० च्या प्रकारात एक तिकीट पूर्ण भरायला सरासरी ८५ आकडे लागतात. ६० आकड्यांत एखादं ठरावीक तिकीट भरण्याची शक्यता साधारण ८६० त एक, आणि ४० आकड्यांत साधारण ११ लाखांत एक. म्हणजे दहा-पंधरा तिकिटांच्या डावात कुणी चाळिसाव्या आकड्याला पूर्ण घर मागितलं तर आनंदाने टाळ्या वाजवण्याआधी तिकिटाचा फोटो आणि चॅटची यादी पुन्हा जुळवा. बहुतेक वेळा ऐकण्यातली चूक निघते. हेच गणित ॲपवरच्या छोट्या खोलीलाही लावून बघता येईल.

कॉलची लिंक उघड्यावर टाकू नका, प्रतीक्षा कक्ष चालू ठेवा आणि ओळखीचा चेहरा दिसल्यावरच आत घ्या. मुलं शेजारी बसून आकडे खोडत असतील तर छानच, फक्त कॉलचे स्क्रीनशॉट बाहेर जाणार नाहीत हे ठरवून घ्या.

बक्षीस काय ठेवायचं? ‘प्रत्येकी थोडे थोडे जमवू’ ही सूचना येतेच. मी ती मान्य करत नाही. रक्कम छोटी असली तरी कायद्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि त्याहून मोठं म्हणजे कुणाचं देणं राहिलं याची नोंद कुणाच्या तरी मनात राहते. आमच्याकडे जिंकणारी पुढच्या शनिवारचा विषय ठरवते आणि हरलेल्यांपैकी एक जण तिला हाताने लिहिलेलं पत्र टपालाने पाठवते. आमच्यातल्या एकीने अशी अकरा पत्रं जपून ठेवली आहेत. पैशांचं बक्षीस तिने कधीच खर्च करून टाकलं असतं.

एवढं सांगूनही तुमच्यापैकी कुणी, जिथे कायदेशीर आहे तिथे, पैसे लावून खेळणारच असेल तर तिने ते ग्रुपच्या कॉलबाहेर, एकटीच्या निर्णयाने करावं. पैसे भरण्याची मर्यादा पहिली रक्कम भरायच्या आधी खात्यातच लावावी. हरल्यावर लावलेली मर्यादा कुणी पाळत नाही. कार्ड खात्यात साठवू नये. उठायची वेळ घड्याळाने ठरवावी, जिंकण्या-हरण्याने नाही. मैत्रिणींनी एकमेकींना खेळण्यासाठी उसने देऊ नयेत, हा नियम मात्र सगळ्यांनी मिळून पाळायचा. पैसे भरल्याचं घरात लपवावंसं वाटलं किंवा गेलेले परत मिळवायला पुन्हा भरावेसे वाटले, तर खातं बंद करायची सोय लगेच वापरा. परवाना असलेल्या ठिकाणी स्वतःला खेळातून बाहेर ठेवण्याची तरतूद असते. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप नावाच्या सेवेत एकदा नोंद केली की परवानाधारक सगळ्या ऑनलाइन कंपन्यांची दारं सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं बंद होतात.

आता तुमची शेवटची अडचण, नाही कसं म्हणायचं. ग्रुपवर ॲपबद्दल वाद घालू नका. त्या मैत्रिणीला आधी एकटीला फोन करा, कारण सगळ्यांसमोर तिची लिंक नाकारली तर तिला ते लागेल. मग ग्रुपवर एवढंच लिहा: ‘बिंगोची कल्पना झकास आहे. मी पैसे आणि ॲप दोन्ही टाळते, पण या शनिवारी आपल्याच कॉलवर खेळूया. चिठ्ठ्या मी करते. कागद, पेन घेऊन बसा आणि नऊच्या आधी तिकिटाचा फोटो टाका.’ कारण मागितलं तर देऊ नका असं नाही, पण द्यावंच लागेल असंही नाही. आणि मघाशी म्हटलं ती गप्प बसलेली मैत्रीण, तिला या मेसेजने सुटल्यासारखं वाटेल.

ज्यांनी खातं उघडलं आहे त्यांना तुम्ही स्वतः फोन करा, उद्यावर ढकलू नका. ॲपला कोणत्या परवानग्या दिल्यात ते फोनच्या सेटिंग्जमध्ये बघून सगळ्या काढायला सांगा. कार्ड साठवलं असेल तर आधी ते काढायचं, मग उरलेली रक्कम परत मागवायची, मग खातं बंद करण्याची लेखी विनंती, आणि सगळ्यात शेवटी ॲप काढायचं. नुसतं ॲप काढून टाकलं तर खातं आणि कार्ड तिकडेच राहतं. तोच पासवर्ड ईमेललाही वापरला असेल तर आज रात्रीच बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. एपीके फाइलमधून ॲप टाकलं असेल किंवा कुणाला ओटीपी सांगितला गेला असेल, तर मात्र हा सगळा क्रम बाजूला ठेवून पहिला फोन बँकेला करायचा, तोही दुसऱ्या कुणाच्या फोनवरून.